सोडून दिलेली टोपली

कापडाच्या दुकानात दहा-बारा साड्या उलगडून पाहायच्या, त्यांतल्या दोन बाजूला काढून ठेवायच्या आणि शेवटी "पुन्हा येऊ" असे म्हणून पायऱ्या उतरायच्या, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी आईचे बोट धरून पाहिलेला असतो. दुकानदार जरासा हिरमुसतो, साड्यांच्या घड्या पुन्हा घालतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. भिवंडीतल्या तीन बत्तीच्या बाजारात हे दृश्य रोज दिसेल.

विद्यार्थी मित्रांनो, नेमके हेच दृश्य आज मोबाइलच्या पडद्यावरही घडते. ऑनलाइन दुकानात आपण वस्तू निवडतो, ती 'कार्ट'मध्ये म्हणजे टोपलीत टाकतो, आणि पैसे न भरताच दुकानाबाहेर पडतो. बेमार्ड इन्स्टिट्यूट या संस्थेने निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे एकत्र करून याची सरासरी काढली आहे. ती सुमारे ७० टक्के भरते. म्हणजे दर १० टोपल्यांपैकी ७ टोपल्या दारातच राहतात! त्या कमी कशा कराव्यात, यावर दुकानदार मंडळी रात्रंदिवस डोके खाजवीत असतात. पण मुळात कोणत्या टोपल्या कमी करायच्या, हा प्रश्न आधी विचारायला हवा, असे आम्हांला वाटते.

टोपलीला आठवण कशी राहते?

लोखंडी जाळीची, चाके लावलेली टोपली १९३७ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याने आपल्या दुकानात आणली. हातात वजन पेलावे लागले नाही तर गिऱ्हाईक जास्त माल घेईल, हा त्यामागचा विचार होता. पडद्यावरच्या टोपलीला चाके नकोत, पण स्मरणशक्ती हवी. इंटरनेटवर पाने मागवण्याची मूळ पद्धत मात्र विसरभोळी आहे. आपण एक पान मागितले, ते मिळाले, की समोरचा संगणक आपल्याला विसरतो. दुसरे पान मागितले की आपण त्याला पुन्हा नवखे!

१९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने यावर तोडगा काढला. दुकानाचा संगणक आपल्या यंत्रावर एक छोटीशी नोंद ठेवून देतो. तिला 'कुकी' म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ती असते. पुढच्या वेळी बिल्ला दाखवला की आपल्या चपला, म्हणजे इथे आपली टोपली, बरोबर ओळखली जाते.

या बिल्ल्याचा आणखी एक परिणाम झाला. साडीच्या दुकानदाराला गिऱ्हाईक का परतले हे कधी नीटसे कळत नसे. ऑनलाइन दुकानाला मात्र आपण कोणत्या पायरीवर थांबलो, किती वेळ थांबलो आणि कोठून माघारी फिरलो, याची नोंद ठेवता येते. जे मोजता येते ते सुधारताही येते. पण मोजण्याची ही सोय वापरून गिऱ्हाइकाला फसवताही येते, हे विसरून चालणार नाही.

पायऱ्यांचे गणित

पैसे भरेपर्यंत ५ पायऱ्या आहेत असे समजा : नावनोंदणी, पत्ता, पाठवण्याची पद्धत, पैशाचा मार्ग आणि अखेरची मान्यता. प्रत्येक पायरीवर १०० पैकी फक्त १० माणसे कंटाळून परततात. दिसायला हा आकडा किरकोळ. आता गुणाकार करा. ०.९ चा पाचवा घात सुमारे ०.५९ येतो. म्हणजे घ्यायचेच असे ठरवून आलेल्या १०० गिऱ्हाइकांपैकी ४१ वाटेतच गळाली. पायऱ्या ३ केल्या तर ०.९ चा घन ०.७३ येतो, आणि ७३ माणसे शेवटपर्यंत पोचतात. भूमितीश्रेढी केवळ परीक्षेपुरती नसते, हे यावरून ध्यानात यावे.

भिवंडीतल्या विद्यार्थ्यांना दुसरे उदाहरण देतो. यंत्रमागावर उभा धागा तुटला तर जाणता विणकर माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो आणि गाठ मारून माग पुन्हा सुरू करतो. माग अधिक जोराने चालवून तुटलेला धागा जुळत नाही. सोडलेली टोपली हाही एक तुटलेला धागाच होय. तो कोठे तुटला हे आधी पाहिले पाहिजे.

पाहण्यांमधून एक कारण वारंवार पुढे येते. ते म्हणजे शेवटच्या क्षणी वाढलेली किंमत. शर्टाची किंमत ३९९ रुपये दाखवली जाते. पत्ता भरून झाल्यावर घरपोच देण्याचे ६० आणि हाताळणीचे २० रुपये त्यात मिळतात, आणि आकडा ४७९ वर जातो. रक्कम मोठी नसेलही, पण आपल्याला आधी सांगितले नाही, याचा राग मोठा असतो. खाते उघडण्याची सक्ती, लांबलचक अर्ज, माल परत घेण्याबद्दल गुळमुळीत शब्द, ही इतर कारणे. या सर्वांवरचा उपाय सरळ आहे : एकूण किंमत पहिल्या पानावरच सांगा, अर्ज आखूड करा, नियम सोप्या मराठीत लिहा.

घर्षण सगळेच वाईट नसते

येथे कोणी म्हणेल, मग सगळेच अडथळे काढून टाकावेत! भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असे म्हणणार नाही. घर्षणामुळे यंत्र झिजते हे खरे, पण घर्षण नसते तर आपल्याला चालता आले नसते आणि सायकलचा ब्रेकही लागला नसता. पैसे देताना मोबाइलवर येणारा एकवेळचा सांकेतिक आकडा, किंवा २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीतील गुप्त पिन, हेही घर्षणच आहे. त्यात काही सेकंद जातात. पण आपला मोबाइल चोराच्या हाती पडला तर गुप्त पिनच आपले पैसे वाचवतो.

गिऱ्हाइकाचा विचार हे तर सर्वांत मोलाचे घर्षण. अनेक टोपल्या केवळ किमती ताडून पाहण्यासाठी किंवा नुसत्या हौसेने भरलेल्या असतात. रात्री आवडलेले बूट सकाळी नकोसे वाटले, तर त्यात कोणाचेच नुकसान नाही. उलट घरचे पैसे वाचले.

काही दुकाने मात्र या विचारावरच घाला घालतात. "फक्त २ नग शिल्लक!" अशी खोटी घाई करतात, न मागितलेली वस्तू टोपलीत हळूच सरकवतात, किंवा नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये लिहितात. अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' असे नाव आहे. आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा १३ प्रकारांना मनाई केली. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हाही त्यांतला एक प्रकार आहे.

हिशेब पुरा मांडा

अशा युक्त्यांनी विक्री वाढतेच ना, असे दुकानदार म्हणेल. म्हणून हिशेब शेवटपर्यंत मांडू या. आकडे अर्थात कल्पित आहेत. पहिल्या दुकानात १०० टोपल्यांपैकी ३० विकल्या गेल्या आणि ३ वस्तू परत आल्या. दुसऱ्याने घाई करून ३५ विकल्या, पण पश्चात्ताप होऊन ९ परत आल्या. पहिल्याची टिकलेली विक्री २७, दुसऱ्याची २६! फेऱ्या मोजल्या तर पहिल्याच्या ३३ आणि दुसऱ्याच्या ४४.

या फेऱ्या कागदावर नसतात, रस्त्यावर असतात. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या भिवंडीजवळच्या गावांत आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. देशातील मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांचा माल येथून सुटतो. परत आलेली वस्तू पुन्हा वाहावी, उघडून तपासावी आणि पुन्हा बांधावी लागते. त्यात डिझेल जळते, पुठ्ठा वाया जातो आणि घरोघरी माल पोचवणाऱ्या माणसाचा जिना पुन्हा चढावा लागतो. पडद्यावर सोडलेल्या टोपलीने यांतले काहीच होत नाही. दुकानदाराला मोबदला न देणारी ती टोपली, दारावरून परतलेल्या पुडक्यापेक्षा सर्वांनाच स्वस्त पडते.

भिवंडीत चादरी विकणारा एखादा छोटा व्यापारी म्हणेल, "साहेब, मला प्रत्येक टोपली मोलाची आहे." त्याची अडचण आम्ही नाकारत नाही. त्याने गिऱ्हाइकाला एकदा नम्रपणे आठवण जरूर करावी. पण रोज पाच वेळा नव्हे. आणि आपले यश महिन्याभरानंतर गिऱ्हाइकाकडे राहिलेल्या मालावरून मोजावे. मोजपट्टी बदलली की वागणूकही बदलते.

शिक्षकांना एक सूचना. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्यांना विचारून, शेवटची टोपली का सोडली ते एका चिठ्ठीवर नाव न घालता लिहून आणावे. 'किंमत वाढली', 'अर्ज लांब होता', 'विश्वास वाटला नाही', 'नुसते पाहत होतो', 'विचार बदलला' असे गट पाडून फळ्यावर स्तंभालेख काढावा. पहिले तीन स्तंभ दुकानदाराने कमी करायचे आहेत. उरलेले दोन गिऱ्हाइकाच्या हक्काचे आहेत. त्यांना हात लावण्याचा अधिकार कोणाला नाही.

जुन्या बाजारातला शहाणा दुकानदार "बघून जा, घ्यायलाच पाहिजे असे नाही" असे म्हणत असे, आणि म्हणूनच गिऱ्हाईक दिवाळीला त्याच्याकडेच परत येई. पडद्यामागच्या दुकानदारानेही एवढे शिकले, तर विज्ञानाने दिलेली ही सोय सत्कारणी लागेल.