पानथरी काढल्यावर

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. ट्रॉलीवरून पडून डाव्या बरगडीखाली मार बसला, की कधी पानथरी फुटते. शक्य तर शल्यवैद्य ती राखतात. न जमल्यास काढून टाकतात. रोगी वाचतो नि घरचे म्हणतात, "सुटलो एकदाचे!" पण वाचकहो, खरी काळजी तेथूनच सुरू होते.

पानथरी, म्हणजे प्लीहा, असते मुठीएवढी, सुमारे १५० ग्रॅमची. रक्त गाळणे व त्यातले जंतू टिपणे हे तिचे काम. ती काढलेल्या बालकांना भयंकर जंतुसंसर्ग होतो, हे किंग व शूमेकर यांनी १९५२ साली दाखवून दिले.

यावर शल्यवैद्यांनी एक युक्ती काढली. काढलेल्या पानथरीचे पातळ काप करून ते त्याच रोग्याच्या पोटात, आतड्यांवरील चरबीच्या पडद्यात बसवायचे. घरचेच मांस, म्हणून शरीर ते झिडकारीत नाही. काप रुजतात, थोडेफार रक्तही गाळू लागतात. मात्र मूळ पानथरीइतके रक्त त्यांतून वाहत नाही; जंतूंपासून त्यांनी पुरते रक्षण होते, हे अजून सिद्ध झालेले नाही.

तेव्हा काप बसवलेले असोत वा नसोत, न्यूमोनियाच्या जंतूंवरील व डॉक्टर सांगतील त्या इतर लशी घ्याव्यात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयासारख्या ठिकाणी निघण्यापूर्वीच चौकशी करावी. शस्त्रक्रियेचा कागद जवळ बाळगावा. हिवतापही अशा माणसाला जड जातो. कोपीवर ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठून "माझी पानथरी काढली आहे" हे आधी सांगावे. कोयता एक दिवस थांबेल. हा ताप थांबत नाही.