विश्लेषण : चार हजार शब्दांचा शोधनिबंध अकरावी-बारावीतच? नियम का बदलले, आणि 'एआय'च्या काळात तो लिहायचा कसा?

शाळेतला प्रकल्प म्हटला की बहुतेकांना काय आठवतं? रंगीत मुखपृष्ठ, इंटरनेटवरून उतरवून काढलेली माहिती, दुकानातून आणलेली चित्रं आणि आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांची धावपळ. जगभरातल्या आयबी शाळांतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मात्र स्वतः प्रश्न शोधून त्यावर चार हजार शब्दांपर्यंतचा शोधनिबंध लिहावा लागतो. त्याचे नियम आता बदलले आहेत. मे २०२७ मध्ये परीक्षा देणारी तुकडी ही नव्या नियमांखालची पहिली तुकडी. हे बदल समजून घेऊ या.

हा निबंध नेमका काय आहे?

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे आयबी. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या या संस्थेचा डिप्लोमा अभ्यासक्रम मुंबई-पुण्यातल्या अनेक शाळांतही शिकवला जातो. आपल्या अकरावी-बारावीला समांतर असा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. 'एक्स्टेंडेड एसे' हा त्यातला सक्तीचा भाग. त्यासाठी विद्यार्थ्याने साधारण ४० तास काम करावं अशी अपेक्षा असते. शिक्षक मार्गदर्शक असतात, पण त्यांचा एकूण वेळ असतो तीन ते पाच तासांचा. पूर्ण मसुद्यावर ते एकदाच अभिप्राय देऊ शकतात आणि लेखनात स्वतः दुरुस्ती करू शकत नाहीत. मर्यादेपलीकडचे शब्द परीक्षक वाचत नाही. त्यामुळे निष्कर्ष ४,१००व्या शब्दावर आला, तर तो लिहिलाच नाही असं समजा.

गुण किती? नापास झालं तर?

डिप्लोमा एकूण ४५ गुणांचा. त्यात हा निबंध आणि 'थिअरी ऑफ नॉलेज' हा विषय मिळून जास्तीत जास्त ३ गुण मिळतात. आकडा छोटा वाटतो. पण दोन्हींपैकी एकातही 'ई' श्रेणी आली, तर बाकीचे गुण कितीही चांगले असले तरी डिप्लोमा मिळत नाही.

नव्या नियमांत काय बदललं?

शब्दमर्यादा तीच आहे. निबंधाचं मूल्यमापन आधी ३४ गुणांचं होतं, ते आता ३० गुणांचं झालं. पूर्वी एकाच विषयात लिहिण्याची रीत होती आणि आंतरविद्याशाखीय पर्याय मर्यादित होते. आता दोन विषय जोडून लिहिण्याचा स्वतंत्र मार्ग दिला आहे. म्हणजे इतिहास आणि अर्थशास्त्र अशी जोडी घेता येते. पूर्वी मार्गदर्शकाशी झालेल्या तिन्ही चर्चांनंतर टिपण लिहावं लागायचं. आता शेवटी ५०० शब्दांपर्यंतचं एकच आत्मपरीक्षण लिहायचं. चर्चा मात्र तीनच राहिल्या आहेत, आणि शेवटची चर्चा म्हणजे तोंडी परीक्षाच.

'एआय' सगळं लिहून देतो, मग हा उपद्व्याप कशाला?

खरा कळीचा मुद्दा हाच आहे. चार हजार शब्दांचा नीटनेटका मजकूर आता काही मिनिटांत तयार होतो. २०२३ मध्ये आयबीने चॅटजीपीटीसारख्या साधनांवर बंदी घालणार नसल्याचं जाहीर केलं. अट एकच : त्यातून आलेला मजकूर उद्धृत म्हणून दाखवायचा आणि संदर्भसूचीत नोंदवायचा. तो स्वतःचा म्हणून खपवला तर गैरप्रकार.

पण मजकूर पकडण्याच्या साधनांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे तोंडी चर्चेचं महत्त्व वाढतं. 'हा प्रश्न का निवडला? कोणता पुरावा तुझ्या मताच्या विरोधात गेला? मग तू काय केलंस?' ज्याने काम केलंय त्याच्यासाठी हे प्रश्न सोपे आहेत. ज्याने मजकूर फक्त आणलाय, तो इथे अडकतो.

प्रश्न कसा निवडायचा?

बहुतेक निबंध फसतात ते भाषेमुळे नाही, तर प्रश्न अवाढव्य असल्यामुळे. 'महाराष्ट्रातील दुष्काळ' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर ग्रंथ लिहिता येईल, निबंध नाही. तो असा आवळता येतो : '१९७२-७३ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवाचा १९७७ च्या रोजगार हमी कायद्यावर कितपत प्रभाव पडला?'

आता काळ ठरला, जागा ठरली, शोधायचे कागद ठरले : विधिमंडळातली चर्चा, वि. स. पागे यांची मांडणी, त्या वेळची वर्तमानपत्रं. 'कितपत' या शब्दामुळे उत्तर नुसतं हो किंवा नाही असं येत नाही. दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. प्रश्न पक्का करण्याआधी एक चाचणी घ्या : याचे पुरावे मला दोन आठवड्यांत हाताशी मिळतील का? उत्तर 'नाही' असेल, तर प्रश्न बदला. तेव्हा बदलणं स्वस्त पडतं, सहा महिन्यांनी नाही.

४० तास वाटायचे कसे?

याचा ठरलेला साचा नाही. पण एक हिशेब उपयोगी पडतो. वाचन आणि प्रश्न आवळणं : १० तास. पुरावे गोळा करणं व टिपणं : १२. आराखडा : ३. पहिला मसुदा : ८. दुरुस्ती, संदर्भ, शब्द कापणं : ७. थेट लिहायला बसण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण इथे लिहिण्याआधीच २५ तास गेले आहेत, हे लक्षात घ्या. आणि प्रत्येक टिपणापुढे त्याच दिवशी पुस्तकाचं नाव व पान लिहून ठेवा. शेवटच्या रात्री 'हे कुठे वाचलं होतं?' म्हणत शोधाशोध करण्याइतका वेळखाऊ प्रकार दुसरा नाही.

आयबीत नसलेल्या मुलांचं काय?

आयबी शाळांची फी बहुसंख्य पालकांच्या आवाक्याबाहेर आहे, हे खरंच. पण ही पद्धत फीमध्ये बांधलेली नाही. आपल्याकडेही असे प्रयत्न आहेत. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना पुढच्या फेरीसाठी कृती संशोधन प्रकल्प करावा लागतो. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही मुलं गावातलाच प्रश्न घेऊन काम करतात. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीतही संशोधनाचा पर्याय आहे. ती सवय एकविसाव्या वर्षी अचानक लागत नाही.

साधनंही फुकट आहेत. मराठी विश्वकोश, २०११ ची जनगणना, जिल्हा गॅझेटियर, राज्याची दरवर्षीची आर्थिक पाहणी हे सगळं ऑनलाइन वाचता येतं. आपल्या तालुक्याची आकडेवारी घेऊन एक नेमका प्रश्न विचारला, तरी सुरुवात झाली.

अडचण दुसरीच आहे. आपल्या शाळांत प्रकल्पाला गुण असतात, पण 'हे तू कसं शोधलंस?' असं विचारायला वेळ नसतो. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला ते जमणार तरी कसं? म्हणून दुकानातला तयार प्रकल्प आणि मुलाने राबून केलेला प्रकल्प यांना सारखेच गुण पडतात. 'एआय' आल्यावर हा फरक आणखी पुसट होणार. शाळांनी वर्षात एकाच प्रकल्पावर प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं बोलायचं ठरवलं, तरी साठ मुलांचे दहा तास होतात. एवढा वेळ काढायचा की नाही, हे शाळांना आणि धोरण ठरवणाऱ्यांना आता ठरवावं लागेल.