मजलिस उठल्यावर

घरी पाहुणे येऊन गेले की दस्तरखान तसाच पसरलेला ठेवून कुणी झोपायला जात नाही. उरलेलं अन्न झाकायचं, शेजारून आणलेली पातेली धुऊन परत करायची, कुणाचा चष्मा राहिला, कुणाच्या लेकराची टोपी राहिली ते बघायचं. दुसऱ्या दिवशी फोन करून "नीट पोचलात ना?" एवढं विचारायचं. ही रीत आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेली नाही. नानी करायची, अम्मी करायची, आपण पाहत आलो.

ऑनलाइन मजलिसला मात्र ही रीत अजून लागलेली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा, दर्स, निकाह, पालकसभा, सगळंच मोबाइलवर आलं. लॉकडाऊन गेला, मोबाइलवरच्या बैठका राहिल्या. त्या सोयीच्याही आहेत. रात्री नऊला बैठक ठेवली तर मुंब्र्याची आई, मालेगावची खाला आणि कुवेतमध्ये नोकरी करणारे अब्बा एकाच वेळी ऐकू शकतात. तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

बैठक भरवायला आपण शिकलो. आवरायला शिकायचं राहिलं. सलाम झाला, दुआ झाली, हात हलवले, स्क्रीन काळी झाली की संपलं, असं आपण समजतो. पण त्या तासाभरात लोक आपल्याकडे बरंच काही ठेवून गेलेले असतात. त्यांचे चेहरे, आवाज, फोन नंबर, घरची अडचण आणि आपण त्यांना दिलेला शब्द. भगिनींनो, ही सगळी अमानत आहे. ती ज्याची त्याला पोचेपर्यंत मजलिस उठली असं म्हणता येत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. आठवीच्या मुलींच्या पालकांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्तीची माहिती देणारी बैठक. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. सरकारी, नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं आठवीत असताना तिची परीक्षा देतात. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्के सूट आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. रिक्षा चालवणाऱ्या किंवा शिलाईकाम करणाऱ्या घरात या रकमेवर मुलीचं शिक्षण दहावीनंतर चालू राहणार की थांबणार, हे ठरू शकतं. आणि ही परीक्षा आठवीतच देता येते. वर्ष गेलं की संधी गेली.

आता या बैठकीची आवराआवर कशी करायची ते पाहू.

पहिली गोष्ट, शेवटासाठी वेळ राखून ठेवा. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद होते, गूगल मीटवर तीन किंवा जास्त लोक असतील तर ६० मिनिटांत. प्रश्नोत्तरं रंगात येतात आणि मध्येच सगळे बाहेर फेकले जातात. मग पुढे काय करायचं, कुणाला विचारायचं, हे सांगायचं राहूनच जातं. म्हणून शेवटची आठ-दहा मिनिटं आधीच बाजूला काढा. चॅटमध्ये आलेले प्रश्न तेव्हाच उतरवून घ्या किंवा सेव्ह करा. बैठक बंद झाल्यावर ते पुन्हा मिळतीलच याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट, यजमानाने सर्वांत शेवटी उठावं. झूमवर बाहेर पडताना दोन पर्याय दिसतात. 'लीव्ह' म्हणजे फक्त तुम्ही गेलात, 'एंड मीटिंग फॉर ऑल' म्हणजे बैठक सगळ्यांसाठी बंद झाली. गूगल मीटही यजमानाला असंच विचारतं. घाईत आपण पहिलं दाबतो आणि बाकीचे आत राहतात. मुलीने डब्याला टेकवून लावून दिलेला फोन दादीला बंद करता येत नाही. कॅमेरा चालू, माइक चालू. दादीला वाटतं, बैठक संपली. ती ओढणी बाजूला ठेवते, सुनेशी घरातलं बोलू लागते आणि चार अनोळखी घरं ते ऐकत असतात. त्यांचाही काही दोष नसतो. म्हणून एकेकाचं नाव घेऊन सलाम करा, कोण उरलं ते यादीत बघा आणि मग सगळ्यांसाठी बंद करा. तीच लिंक पुढच्या वेळी वापरणार नसाल तर ती जिथे जिथे टाकली होती तिथून काढून टाका.

तिसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. लॅपटॉपवर झूमचं रेकॉर्डिंग केलं असेल तर बैठक संपल्यावर त्याची फाइल तयार व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ लॅपटॉप बंद करू नका. गूगल मीटचं रेकॉर्डिंग ज्याने बैठक भरवली त्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसतं. फाइल मिळाली की लगेच व्हॉट्सअॅपवर सोडायची घाई नको. आधी स्वतः पूर्ण बघा.

त्यात काय असतं? एखादी आई विचारते, "मुलीचे अब्बा दोन वर्षं घरीच आहेत, कामाला जात नाहीत. उत्पन्नाचा दाखला कसा मिळेल?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सगळ्यांच्या कामाचं आहे. दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, त्यासाठी काय लागतं, हे सगळ्यांना कळायला हवं. पण ते अब्बा दोन वर्षं घरी का आहेत, हे साऱ्या मोहल्ल्याला कळायची गरज नाही. तिने ते बैठकीतल्या पंचवीस जणांवर भरवसा ठेवून सांगितलं. फॉरवर्ड झालेल्या फाइलला पंचवीसची मर्यादा नसते. एकदा सुटलेली फाइल कोणत्या गावात, कोणत्या नातेवाइकाच्या फोनवर उघडेल, हे सांगता येत नाही. शाळेत मग त्या मुलीला तिच्या मैत्रिणी काय विचारतील, तेही आपल्या हातात राहत नाही.

म्हणून माहिती देणाऱ्या शिक्षकांचा भाग तेवढा ठेवा, प्रश्नोत्तरं कापा. कापता येत नसेल तर रेकॉर्डिंग पाठवूच नका, मुद्दे एका पानावर लिहून पाठवा. आईला ते पान व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडतं. ते फ्रिजवर चिकटवता येतं. आणि ज्यांचा चेहरा किंवा आवाज त्यात आहे त्यांची इजाजत घ्या. "कुणाला हरकत नाही ना?" असं सर्वांसमोर विचारलं तर लाजाळू बाई नाही म्हणू शकत नाही. तिला वेगळा निरोप करून विचारा. निकाहच्या ऑनलाइन बैठकीतले नवरीचे स्क्रीनशॉटही याच हिशेबात धरायचे.

चौथी गोष्ट, जमवलेली माहिती. नावनोंदणीसाठी गूगल फॉर्म केला असेल तर 'अॅक्सेप्टिंग रिस्पॉन्सेस' बंद करा. ती यादी कुणाकुणाला दिसते ते तपासा. काही पालक न मागताच आधार कार्डाचा, बँक पासबुकाचा फोटो पाठवून देतात. काम झालं की ते काढून टाका. चॅटमधून काढले तरी गॅलरीत राहतात आणि गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइलही ३० दिवस तिथेच असते, हे लक्षात ठेवा. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने आणि सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी, हा २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा आहे. आपल्या घरगुती बैठकांनीही तो पाळायला काय हरकत आहे? वही-पुस्तकांसाठी पैसे जमवले असतील तर किती आले, किती खर्च झाले, किती उरले, हे तीन आकडे आठवड्याच्या आत सर्वांना कळवा. ज्यांना मदत दिली त्यांची नावं मात्र कळवू नका.

आणि शेवटची, पण माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट, दिलेला शब्द. बैठकीत आपण सहज बोलून जातो, "बघून सांगते", "फॉर्म पाठवते", "त्या सरांचा नंबर देते". बोलणारी विसरते. ऐकणारी विसरत नाही. ती रोज फोन बघते. दोनदा विचारायला तिला संकोच वाटतो आणि तोवर अर्जाची मुदत निघून जाते. एका विसरलेल्या निरोपाची किंमत मग ४८,००० रुपये होते. ती किंमत तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मोजावी लागते.

यावर उपाय साधा आहे. बैठक संपल्या संपल्या, चहाला उठण्याआधी वहीत तीन रकाने आखा. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. "उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रं लिहून पाठवणं, शुक्रवारपर्यंत." "अर्ज शाळेमार्फत भरायचा आहे, मुख्याध्यापकांना विचारणं, सोमवारी." जे आपल्याच्याने होणार नाही, ते होणार नाही असं त्याच आठवड्यात कळवा. नकार वेळेवर मिळाला तर माणूस दुसरा दरवाजा ठोठावतो.

त्याच निरोपात वक्त्यांचे आभार माना. ज्या मुलाने तासभर बसून लोकांचे माइक बंद-चालू केले त्याला विसरू नका. त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

हे सगळं मिळून फार तर तास-दीड तासाचं काम आहे. एकटीवर टाकू नका. एकीने रेकॉर्डिंग बघावं, एकीने यादी, एकीने निरोप. पुढची बैठक ठरवताना तारीख, वेळ, वक्ता यांच्याबरोबर एक ओळ आणखी लिहा. आवरणार कोण? त्या ओळीपुढे नाव लिहिल्याशिवाय लिंक पाठवू नका.