दोघं जमले की बैठक झाली

“मनात आणलं की माणूस दारू सोडतो, त्याला बैठका कशाला?” बोदवडमध्ये लग्नाच्या पंगतीत दारू सोडण्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य हेच येतं. मागोमाग दुसरं येतं, “एवढंसं गाव. चारचौघांत कबूल केलं तर पोरीच्या सोयरिकीचं काय?” आणि शेवटी तिसरं, “असलं सगळं पुण्या-मुंबईला. इथं कुठं सापडायचं?” बोलणारे हे मनापासून बोलतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

पहिला आक्षेप मनोनिग्रहाचा. असं म्हणणाऱ्यानं पिणाऱ्याला सकाळी पाहिलेलं नसतं. पोराच्या डोक्यावर हात ठेवून तो शपथ घेतो, ती खरी असते. दुपारनंतर हात थरथरतात, घाम फुटतो आणि शपथ गळून पडते. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९५६ मध्येच मद्यासक्तीला आजार मानलं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. भाजीत गुपचूप औषध कालवणं तर घातकच. डायसल्फिराम न सांगता दिलं आणि वर दारू पोटात गेली, तर ते जिवावर बेतू शकतं. दवाखाना शरीरातली दारू उतरवतो. त्यानंतरच्या रिकाम्या संध्याकाळी सांभाळायला बैठक लागते.

“आमच्याकडे माळ घातली की सुटते,” असाही दाखला देतात. तो खराच आहे. पण माळकऱ्याला एकादशी असते, हरिपाठ असतो, सप्ताह असतो, वारीला सोबत असते. कुणी पेला पुढे केला तर “राहू द्या, ते माळकरी आहेत” म्हणणारी माणसं शेजारी असतात. माळ घातली आणि संगत धरली नाही, तर ती माळ खुंटीवर जायला वेळ लागत नाही. बैठकीविरुद्ध उभा केलेला हा साक्षीदार बैठकीच्याच बाजूनं बोलतो.

दुसरा आक्षेप अब्रूचा. गावापासून लपलंय तरी काय? रात्री त्याला उचलून घरी आणणारे गावातलेच, उधारी लिहिणारा गावातलाच, बायकोचं रडणं ऐकणारी भिंतीपलीकडची शेजारीणही गावातलीच. पिणं चव्हाट्यावर आणि सोडणं मात्र चोरून, हा उफराटा न्याय झाला. अशा बैठका भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या नावातच निनावीपण आहे. तिथं आडनाव विचारत नाहीत, फी घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट असते. सोसणाऱ्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन ही वेगळी चळवळ आहे. तरीही गावात संकोच वाटत असेल तर रेल्वेनं भुसावळ, जळगाव लांब नाही. चौकशी तिथं करावी.

आता तिसरा आक्षेप, इथं कुठं? बैठक जन्मली कशी, यातच त्याचं उत्तर आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा दारू सोडलेला न्यूयॉर्कचा माणूस धंद्यासाठी ॲक्रन या परक्या गावी आला होता. व्यवहार फसला. हॉटेलात एकीकडे दारूचा बार, दुसरीकडे टेलिफोन. मोह टाळायला त्यानं फोन उचलला आणि एखादा दारुडा भेटेल का, अशी विचारपूस केली. डॉ. बॉब स्मिथ भेटले. पाव तासासाठी आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. त्यांनी १० जूनला शेवटचा घोट घेतला असं मानतात, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापनादिन धरला जातो. तेव्हा दालन नव्हतं, फलक नव्हता, अनुदान नव्हतं. होती ती दोन माणसं.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथंही व्यसनातून बाहेर आलेलेच नव्यांना आधार देतात. ‘फक्त आजचा दिवस’ दारूपासून दूर राहायचं, हे उपदेशकाच्या तोंडून पोकळ वाटतं. ज्यानं तो दिवस काढलाय त्याच्या तोंडून पटतं. कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या संशोधन-आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या वाटेकडे नेणारे उपचार इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरले. उलट भारतात २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यासक्त ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांपर्यंत पोचेल ते शेजारचं माणूसच.

बोदवडशेजारीच मुक्ताईनगर आहे. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेरून हाक घालणारी मुक्ताई आपण पूजतो. दार आतून लागलं की हाक बाहेरूनच यावी लागते.

बोदवडात ज्यांची दारू सुटून वर्ष उलटलंय, त्यांनी आपल्या डॉक्टरांना, औषध दुकानदाराला, आशाताईंना एवढंच सांगून ठेवावं, “कुणी सोडू पाहत असेल तर माझ्याकडे पाठवा.” शाळेची एक खोली, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ आणि दोन खुर्च्या पुरेत. आणि तुम्हीच सोडू पाहत असाल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. आजचा घोट घेण्याआधी तो फिरवा.