थंडीच्या पहाटे गिअरशी झटापट करू नका

ओझर, दहावा मैल, जानोरी, मोहाडी, पिंपळगाव बसवंत आणि पंचक्रोशीतल्या सर्व वाहनचालकांना हात जोडून विनंती आहे. थंडीचा कडाका आहे तोवर पहाटे गाडी काढली की पहिली दहा मिनिटं ती सबुरीने चालवा. घाट उतरताना न्यूट्रल करू नका. आणि क्लच घसरतोय अशी नुसती शंका आली, तरी ती गाडी धुक्यात महामार्गावर नेऊ नका. नंतर बघू, सीझन संपला की काम करून घेऊ, असं म्हणायची ही वेळ नाही.

निफाड तालुक्याची थंडी काय असते हे आपल्याला कुणी सांगायला नको. डिसेंबर 2018 च्या अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री आपण घड वाचवायला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, झोपमोड करून पाणी देतो. पण रात्रभर उघड्यावर दव खात उभ्या असलेल्या पिकअपला मात्र पहाटे स्टार्टर मारला की लगेच पहिला गिअर, मागोमाग रेस, आणि माल घेऊन थेट लिलावाची वाट. बागेला जपणारे हात गाडीच्या बाबतीत इतके घाईचे का होतात?

थंडीत गिअर बॉक्समधलं तेल काकवीसारखं दाट होतं. गिअर बदलताना आत पितळी रिंगा असतात, त्यांना मिस्त्री सिंक्रो म्हणतात. फिरणाऱ्या दोन भागांचा वेग आधी सारखा करायचा आणि मग दात जुळू द्यायचे, हे त्यांचं काम. तेल दाट असलं की रिंगेला ते वेळेत जमत नाही. म्हणून पहाटे पहिला, दुसरा आणि रिव्हर्स अडतो, करकरतो. तेव्हा दांडा जोर लावून ढकलला की रिंग झिजते आणि दातांच्या कडा बोथट होतात. पुढे तोच गिअर भर उन्हातही टिकत नाही, चालता चालता सुटतो.

उपाय फुकटचा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबा आणि मगच स्टार्टर मारा, म्हणजे दाट तेल घुसळण्याचा भार स्टार्टरवर आणि बॅटरीवर येत नाही. इंजिन लागलं की क्लच हळूच सोडा आणि मिनिटभर न्यूट्रलमध्येच चालू द्या. गाडी जागची हललेली नसली तरी बॉक्समधल्या चाकांचं फिरणं सुरू होतं आणि तेल हलू लागतं. मग निघा, पण रेस कमी ठेवा. दुसरा गिअर टाकताना दांड्याला क्षणभर थांबू द्या, तो आपसूक बसेल. नुसतं उभं राहून अर्धा तास इंजिन तापवायची गरज नाही, गिअर बॉक्स खरा गरम होतो तो चालल्यावरच.

तेलाबद्दलही सांगतो, कारण इथे सर्रास चूक होते. डब्यावर 75डब्ल्यू किंवा 80डब्ल्यू लिहिलेलं असतं, तो थंडीतल्या पातळपणाचा आकडा आहे. आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत मोकळं. बॉक्स आवाज करतो म्हणून आणखी जाड तेल भरून घेतलं तर आवाज दबतो खरा, पण पहाटेचं अडणं वाढतं. जीएल-4 मागणाऱ्या बॉक्समध्ये जीएल-5 ओतलं तर काही गाड्यांत रिंगांना लागणारं घर्षणच मिळत नाही. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच तेल मागा. पुस्तक हरवलं असेल तर मॉडेल सांगून अधिकृत सेंटरवर विचारा.

आता क्लच. दमट रात्रीनंतर फ्लायव्हीलवर हलका गंज धरतो, त्यामुळे निघताना गाडी थरथरते. दोन-चार वेळा क्लच सोडला की ती थरथर जाते, घाबरू नका. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. जळलेली क्लच प्लेट गॅरेजच्या फरशीवर पडलेली एकदा नीट पाहा. काळं अस्तर रिवेटपर्यंत झिजलेलं असतं, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग उमटलेले असतात आणि करपल्याचा वास हाताला लागला की लवकर जात नाही. हे कांद्याच्या किंवा द्राक्षांच्या क्षमतेबाहेरच्या भरतीने होतं, बाजार समितीच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे डुलवत ठेवल्याने होतं, आणि कसारा घाटाच्या चढावर कोंडी झाली की हँडब्रेक न ओढता क्लचवर गाडी तोलल्याने होतं. एएमटीवाल्यांनीही गाफील राहू नये, त्या गाडीत पेडल नसलं तरी आत क्लच तोच आहे. व्यापारी आणि गाडीमालकांनो, आणखी दहा क्रेट बसतील असं ड्रायव्हरला सांगताना याचा विचार करा.

परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लच घसरतोय. त्याच दिवशी मिस्त्रीला दाखवा. पेडल दाबल्यावर सावकाश वर येत असेल तर क्लचचं तेल किंवा केबल तपासून घ्या. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकला तेल एकाच डबीतून जातं, त्यामुळे डबीतली पातळी उतरली असेल तर प्रश्न ब्रेकचाही आहे.

राहुड घाट असो की कसारा, उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचतं हा समज डोक्यातून काढून टाका. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. शिवाय इंजिनचा अटकाव गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वेग वाढल्यावर गिअर टाकायला गेलात तर तो बसेलच याची खात्री नाही. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचं, ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग जड होतं.

मी एवढ्या तळमळीने लिहितोय ते गॅरेजच्या बिलासाठी नाही. पहाटेच्या धुक्यात मुंबई-आग्रा महामार्गावर भरली गाडी लेनमध्येच बंद पडली, तर मागून येणाऱ्याला ती दिसेपर्यंत अंतर संपलेलं असतं. त्याच वेळी एचएएलच्या पाळीला निघालेल्या दुचाकी, शाळेच्या बस आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात.

तरीही बंद पडलीच, तर तिच्यात जेवढी गती उरली आहे तेवढ्यात डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा. माणसांना आधी उतरवून रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभं करा. लाल त्रिकोण गाडीपासून निदान 50 मीटर मागे ठेवा, धुकं दाट असेल तर त्याहून लांब. मग महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर फोन करा, कुणाला लागलं असेल तर 108 वर. गाडी ढकलत रस्ता ओलांडायच्या फंदात पडू नका, आणि बॉनेट उघडून लेनमध्ये उभे राहू नका.