करसवलत सायकलीला; लाभ कोणाला?

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात पहाटे पहिला आवाज येतो तो मोटारीचा नव्हे. दूधवाल्याच्या सायकलीच्या सैल मडगार्डचा. त्यामागून वृत्तपत्रे टाकणारी मुले येतात, मग कॅरिअरवर टोपले बांधलेला पाववाला, आणि सातच्या सुमारास रबरी भोंपू वाजवीत इडलीवाला. दुपारी धार लावणारा सायकल स्टँडवर चढवितो आणि ज्या पॅडलांनी तो आला त्याच पॅडलांनी सहाणेचे चाक फिरवितो. या मंडळींचा सारा उदीम दोन चाकांवर उभा आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर सायकल हे त्यांचे स्थिर भांडवल आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत एकमेव.

या भांडवलावरील कर अलीकडे उतरला. वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून सायकली व त्यांचे सुटे भाग यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. माल पोचविण्याच्या तीनचाकी सायकलीही याच सदरात मोडतात. निर्णय योग्यच आहे. पण तो घेण्यास आठ वर्षे का लागली, हा प्रश्न विचारल्याविना राहवत नाही. कारण १ ऑगस्ट २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या वाहनांवरील कर ५ टक्के करण्यात आला, आणि त्यात विजेच्या आलिशान मोटारीही आल्या. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ या देशात श्रीमंताच्या विजेच्या मोटारीवर ५ टक्के आणि दूधवाल्याच्या सायकलीवर १२ टक्के कर होता. धूर न सोडणे हाच जर सवलतीचा निकष, तर सायकलीने कोणता गुन्हा केला होता?

सायकलीकडे कराचे साधन म्हणून पाहण्याची आपली सवय तशी जुनीच. नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर आकारीत आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला देत, हे आजच्या साठीतल्या वाचकांना आठवत असेल. बिल्ला नाही म्हणून दंड भरलेले विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाले. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्यांच्या सूचीत, यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्याही वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार आजही नमूद आहे. दुसरीकडे, सायकल हे सामान्यांचे वाहन आहे हे सरकारला पटले होते, याचाही पुरावा मुंबईतच सापडतो. वरळीचा हिंद सायकल्स हा कारखाना आसनसोलच्या सेन-रॅलेबरोबर १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाला. सरकार स्वतः सायकली बनवीत होते, आणि नगरपालिका त्यांवर बिल्ला लावीत होत्या!

आता नव्या सवलतीचा हिशेब मांडू. करापूर्वी ५,००० रुपये किमतीची साधी काळी सायकल घेतली, तर पूर्वी ६०० रुपये कर पडे, आता २५० पडतो. वाचले ३५० रुपये. एक लाखाची गिअरची सायकल घेऊन रविवारी सकाळी द्रुतगती मार्गावर व्यायामासाठी निघणाऱ्या गृहस्थाचे ७,००० रुपये वाचतात. व्यायामाला माझा विरोध नाही. मात्र सवलत वस्तूला दिली की ती वस्तूच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते, गरजेच्या प्रमाणात नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिगटाने १०,००० रुपयांखालील सायकलींपुरतीच ही कपात सुचविली होती. तत्त्वतः ती शिफारस अधिक न्याय्य होती. पण किमतीची रेषा आखली की ९,९९९ रुपयांच्या सायकली आणि वेगळ्या बिलावर विकलेली सीट जन्माला येतात. तेव्हा परिषदेने सरसकट दर ठेवला, यात व्यवहारज्ञान आहे असे मी मानतो.

मग ५ टक्के तरी कशाला, शून्यच करा, असे काही जण सुचवितील. ही सूचना दिसते तितकी हिताची नाही. सायकलीला लागणाऱ्या पोलादावर १८ टक्के कर आहे. सायकलीवर ५ टक्के असल्यामुळे कारखानदाराला हा आधी भरलेला कर वजा करून मिळतो व उरलेल्याचा परतावा मागता येतो. सायकल करमुक्त केली की ही वजावट थांबेल आणि पोलादावरचा कर गुपचूप किमतीत मिसळेल. कच्च्या मालावरील कराने तयार मालाची किंमत कशी फुगते, हे दुखणे लक्ष्मीकांत झा यांच्या अप्रत्यक्ष कर चौकशी समितीने १९७०च्या दशकातच सांगितले होते. ‘करमुक्त’ या शब्दाच्या मोहात पडून ते परत ओढवून घेण्याचे कारण नाही.

खरा घोळ प्राप्तिकराच्या बाजूने सवलत मागणाऱ्यांचा आहे. छोट्या व्यावसायिकाला सायकलीच्या खरेदीवर प्राप्तिकरात खास वजावट द्यावी, ही मागणी ऐकायला गोड लागते. पण वजावटीचा उपयोग जो कर भरतो त्यालाच. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या व्यावसायिक उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. आमचा इडलीवाला त्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. ५,००० रुपयांच्या सायकलीवर १५ टक्के दराने पहिल्या वर्षी ७५० रुपये घसारा मिळाला, तरी ज्याचा कर शून्य त्याची बचतही शून्य. जो दुकानदार गृहीत उत्पन्नाच्या योजनेत आहे, त्याच्या उलाढालीचे ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेचे ६ टक्के, हाच नफा धरला जातो व घसारा त्यातच आला असे मानले जाते. वस्तू व सेवा करातही हेच. नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या सायकलीवरील कर वजा करून मिळतो. पण माल विकणाऱ्याची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच आवश्यक नाही, आणि नोंदणी नाही म्हणून वजावट नाही. एकूण, जो जितका लहान, तितकी सवलत त्याच्यापासून दूर.

इंग्लंडचा दाखला हटकून दिला जातो. तेथे १९९९ च्या वित्त कायद्यान्वये मालकाने नोकराला कामावर येण्यासाठी दिलेल्या सायकलीवर करमाफी मिळते. उत्तम योजना आहे. पण ती पगारदारांसाठी आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्याला तिच्यात जागा नाही. साता समुद्रापलीकडेही पाववाला बाहेरच राहिला.

सप्टेंबरच्या कपातीनंतर मी माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना परिसरातील सायकलवाल्यांशी बोलून येण्यास सांगितले होते. एकाने आणलेले उत्तर मला पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाहून मोलाचे वाटते. “कर कमी झाला असेल; पण मी नवी सायकल घेतली कधी?” हे लोक जुनी सायकल घेतात, बिलाविना घेतात, आणि मग वर्षानुवर्षे तिच्यावर टायर, ट्यूब, चेन व फ्रीव्हील घालीत राहतात. त्यांच्या दृष्टीने सुट्या भागांवरील कपात ही नव्या सायकलीवरील कपातीपेक्षा मोठी, जर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ती किमतीत उतरविली तर. टायर-ट्यूबवर पूर्वीपासूनच ५ टक्के होते. तेथे नवे काहीच मिळालेले नाही.

नवी सायकल का घेतली जात नाही? कर जास्त म्हणून नव्हे. पाच हजार रुपये एकरकमी हाती नसतात म्हणून. पथविक्रेत्यांसाठीच्या स्वनिधी योजनेत पहिले कर्ज २०२० मध्ये १०,००० रुपये होते, ऑगस्ट २०२५ मध्ये ते १५,००० करण्यात आले. एका सायकलीला व आठवड्याच्या मालाला एवढी रक्कम पुरावी. ३५० रुपयांच्या करकपातीपेक्षा सावकाराच्या व्याजातून सुटका ही या माणसाला अधिक मोठी सवलत आहे, आणि बँकेच्या शाखेत त्याच्याशी नीट बोलणारा कारकून ही त्याहून मोठी.

उरतो तो कर, जो कोणत्याही अर्थसंकल्पात छापला जात नाही. फेरीवाल्यांवरील कारवाईत माल उचलला जातो, तसे मालाला वाहून आणणारे वाहनही जाते. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की, जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत परत द्यावा. सायकल सोडवून आणण्यात दोन दिवस गेले तरी दोन दिवसांची कमाई गेली. वर दंड निराळा. परिषदेने दिलेले ३५० रुपये एका सकाळी वॉर्ड कार्यालयात संपतात.

जून २०२५ मध्ये विक्रोळीचा पूर्व-पश्चिम उड्डाणपूल खुला झाला आणि पूर्व द्रुतगती मार्ग लालबहादूर शास्त्री मार्गाला जोडला गेला. मोटारींची सोय झाली, हे चांगलेच. आता पालिकेने स्थानकाच्या दोन्ही बाजूंना सायकलींसाठी नाममात्र भाड्याचे, कुलूप लावता येईल असे स्टँड उभारावेत, आणि पकडलेल्या सायकलीची पावती जागेवरच, मराठीत, तारीख-वेळेसह देण्याचा आदेश काढावा. याला परिषदेची बैठक लागत नाही. वॉर्ड अधिकाऱ्याची एक सही पुरते.