आधी नट, मग गोष्ट

हिंदी सिनेमातल्या गोष्टी इतक्या पोकळ का, असं विचारलं की हल्ली एका शब्दात उत्तर मिळतं: घराणेशाही. २०१७ साली कंगना राणावत यांनी करण जोहर यांना त्यांच्याच कार्यक्रमात या मुद्द्यावर धारेवर धरलं, आणि २०२० साली सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर तर या शब्दाचं हत्यारच झालं. नटांच्या पोरांना हाकला, बाहेरच्यांना घ्या, सिनेमा आपोआप सुधारेल, असा एकूण सूर. घराणेशाही अन्यायाची आहे यात वाद नाही. गुणी मुलगा वर्षानुवर्षं उंबरे झिजवतो आणि आडनाववाल्याला चौथी आपटी खाल्ल्यावरही पाचवी संधी मिळते. पण हा अन्याय वेगळा आणि गोष्टी पोकळ होण्याचं कारण वेगळं. शेतकऱ्याचं आणि जंगलालगतच्या माणसाचं जगणं, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं जगणं, हिंदी पडद्यावर कसं आलं एवढं तपासलं तरी ही गल्लत ध्यानात येते.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. हिंदी सिनेमाला शेतकऱ्याकडे नीट वळून बघायला त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लागला. २००९ साली ‘किसान’ आला. निर्माता सोहेल खान, पडद्यावर सोहेल आणि अरबाझ, म्हणजे सलीम खान यांची मुलं. शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं, तर जमिनीवर डोळा ठेवून असलेला खलनायक आणि दोन तगडे भाऊ. पुढच्याच वर्षी ‘पीपली लाइव्ह’ आला. त्याचे निर्माते आमिर खान. त्यांना नायक केलं ‘कयामत से कयामत तक’ने, तो काढला काकांनी, दिग्दर्शित केला चुलतभावाने. घराणेशाहीचा याहून नमुनेदार दाखला कुठे मिळणार? तरीही त्यांच्या पैशातून अनुषा रिझवी यांचा पहिला चित्रपट उभा राहिला आणि हबीब तनवीर यांच्या ‘नया थिएटर’मधले ओंकारदास माणिकपुरी त्यात नत्था झाले. सरकारी मदत, निवडणूक आणि कॅमेरेवाल्यांची झुंबड यांच्या मध्ये सापडलेला तो भांबावलेला माणूस विदर्भातल्या कुणालाही ओळखीचा वाटला असेल. निर्माते दोन्हीकडे वारसदारच. फरक इतकाच की एकीकडे नट ठरलेले होते, त्यांच्यासाठी शेतकरी शोधला गेला. दुसरीकडे गोष्ट लिहून तयार होती, तिच्यासाठी नट शोधला गेला.

हे आजचंच नाही. ‘आवारा’त (१९५१) पृथ्वीराज, राज आणि छोटा शशी तर आहेतच, आजोबा बशेश्वरनाथसुद्धा न्यायाधीशाच्या खुर्चीत दिसून जातात. सगळं घरच पडद्यावर, आणि चित्रपटाचा दावा काय, तर माणूस रक्ताने घडत नाही, परिस्थितीने घडतो! गंमत वाटते, पण ती कथा के. ए. अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची होती, आणि राज कपूरच्या हाती येण्यापूर्वी मेहबूब खान यांच्याकडे जाऊन आली होती. कपूर घराण्याच्या मापाने ती बेतलेली नव्हती. आपल्याकडे शोभना समर्थ यांनी मुलीसाठी, नूतनसाठी, ‘हमारी बेटी’ काढला. नूतन मात्र लोकांना आठवते ती ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’मुळे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की पैसा आडनावामागे धावतो म्हणूनच गोष्टींची उपासमार होते. तेव्हा घराणेशाही हेच मूळ. यात तथ्य आहे आणि ‘धडक’ (२०१८) त्याचा पुरावा. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू होती, करमाळ्याकडची माती होती आणि जात होती. त्याचा हिंदी अवतार श्रीदेवींच्या मुलीच्या पदार्पणासाठी झाला तेव्हा गाव उदयपूर झालं आणि जात इतकी पुसट झाली की त्या दोघांच्या जिवावर नेमकं कोण आणि का उठलं आहे, याची धारच गेली. पण बाहेरून येऊन मोठे झालेले शाहरुख खान, अक्षयकुमार यांचे बहुतेक चित्रपट कुणाच्या मापाने शिवले जातात? त्यांच्याच. बाहेरचा नट तारा झाला की तोही गोष्टीला तसाच वाकवतो, त्याला बापाचं नाव लागत नाही. म्हणजे घराणेशाही हा या रोगाचा एक प्रकार झाला. रोग आहे तो आधी चेहरा आणि मग गोष्ट या क्रमात.

क्रम उलटा केला तर काय होतं ते ‘शेरनी’त (२०२१) दिसतं. यवतमाळच्याच पांढरकवडा भागातल्या तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. (वनखात्याने बोलावलेला शिकारी तेव्हा तिथे नव्हता, गोळी त्याच्या मुलाने झाडली. घराणेशाही फक्त मुंबईत असते असं नाही.) ‘शेरनी’ ही तिचीच कथा असं चित्रपट सांगत नाही, पण पांढरकवड्यात बसून तो पाहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. आस्था टिकू यांच्या पटकथेत वाघिणीची वाट तांब्याच्या खाणीने तोडलेली आहे, गुरं चारायच्या जमिनीवर सागाची लागवड झाली आहे आणि म्हणून गुराखी आत जंगलात शिरतो आहे. अशा गोष्टीत एकाला ठोकून प्रश्न सुटत नाही. दिग्दर्शक अमित मसुरकर यांनी विद्या बालनच्या अधिकारी बाईला शेवटी जिंकूही दिलेलं नाही.

लोकांना असलं रडगाणं नको असतं, हा दुसरा आक्षेप ‘सैराट’च्या तिकीटखिडकीपुढे टिकत नाही. शिवाय अर्थपूर्ण म्हणजे रडकं, हे कुणी ठरवलं? सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये नवरा जीव देईल या धास्तीने बायको पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते, आणि आपण हसता हसता चरकतो.

सामग्रीची वाण नाहीच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती. पाठीवर पंप घेतलेला मजूर नळी वर धरून फवारत होता आणि औषधाचे तुषार त्याच्याच तोंडावर येत होते. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. बियाणं, बोंडअळी, कृषी केंद्राचा सल्ला, रोजीची गरज, सरकारी दवाखाना, इतकी पात्रं आणि इतके पेच त्यात आहेत की वेगळा खलनायक बसवायला जागाच उरत नाही. त्या मजुराची भूमिका एखाद्या नटाच्या मुलाने केली तरी हरकत नाही. पंपाच्या ओझ्याने त्याचे खांदे वाकलेले दिसावेत, आणि त्याच्या तारखा मिळण्याआधी पटकथा लिहून पुरी झालेली असावी.